सांधणी

करार सहा महिन्यांचा; पाच गेले.
वडगावात, मागांच्या वरच्या माडीवर
मी एका विमा कंपनीची बावीस वर्षं
जुन्या सर्व्हरवरून नव्यावर उतरवते आहे.
कंपनी मी पाहिलेली नाही.

गावाच्या रकान्यात आमचं गाव
अकरा तऱ्हांनी लिहिलेलं निघालं.
एका ओळीत तर नुसतं ‘बेळ’,
लिहिणाऱ्याचा चहा आला असावा.
‘एकच ठेवा,’ हैदराबादहून पद्मजा म्हणाली,
‘सरकारी असेल ते.’
बरोबरच होतं तिचं.

ज्या एका वेलांटीपायी मामा
दोनदा हिंडलग्याच्या तुरुंगात जाऊन आला,
ती एक्केचाळीस हजार ओळींना
चार सेकंदांत लागली.
चाचणी चालवली. सगळं हिरवं.

खाली ताणा संपला की इराप्पा
बोटाला राख लावून
जुन्याचं एकेक टोक नव्याला पिळतो.
दोन हजार चारशे सांधे,
साडीत एकही दिसत नाही.
‘मजुरी नगावर का दिवसावर?’ त्यानं जिन्यातून विचारलं.
‘दिवसावर.’
‘मग बेस हाय की. करंट गेला तरी पडतंय.’
पडत नाही, हे मी सांगितलं नाही.

तीस तारखेला माझं लॉगिन बंद होईल.
जुना रकाना मात्र मी पुसला नाही.
‘मूळ’ असं नाव देऊन
अगदी उजवीकडे ठेवलाय,
जिथवर कुणी सरकत जात नाही.
त्यात ते ‘बेळ’
तसंच आहे.