आणखी काही घेता का?

हे मी रोज विचारते. काउंटरच्या अलीकडून,
होल्डरनेस रोडवरच्या फार्मसीत,
गोळ्यांची पिशवी पुढे सरकवण्याआधी :
झाडपाल्याचं, चूर्ण, काढा,
कुणी सांगितलं म्हणून आणलेलं काही?
लोक बुटांकडे बघतात.
मिसेस ऑल्डरसन म्हणतात, फक्त कॅमोमाइल, पोरी,
तोही नवऱ्याच्या हट्टापायी.
मी लिहून घेते.

माझ्या ओट्यावर
शतावरी, पाव किलो, हॉर्लिक्सच्या बरणीत.
लोध्र. त्याला बंद कपाटाचा वास येतो.
मेथ्या रात्री भिजत घातलेल्या, सकाळी बुळबुळीत.
आणि अशोकाची साल. पुडीवर आईचं अक्षर :
"अर्धं होईस्तोवर उकळणे."
किती पाण्याचं अर्धं, ते लिहिलेलं नाही.

हल रॉयलच्या अंधाऱ्या खोलीत
पोटावर गार जेल फासून
ती बाई स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाली,
मोत्यांची माळ म्हणतो आम्ही याला.
तिला वाटलं, मला बरं वाटेल.
मला आजवर कुणी मोती दिले नव्हते.
पहिले दिले ते हे,
आणि तेही आतल्या आत.

त्रेचाळीस दिवस. एकावन्न.
आई फोनवर आडून विचारते, कावळा शिवला का?
इथे कावळे कुठले, आई.
सीगल आहेत. हातातल्या चिप्स पळवतात,
शिवत मात्र कुणाला नाहीत.

स्प्रिंग बँकेवर शिलानचं दुकान आहे.
पुदिन्याच्या जुड्या बादलीत उभ्या, जाड देठांच्या.
त्याला ती नाना म्हणते.
मला धुळ्याचे नानाकाका आठवले, धोतरासकट,
आणि मी उगाच हसत सुटले.
ती हसली नाही. माझ्या हनुवटीकडे बघत म्हणाली,
रोज दोन कप.
मग ट्यूबलाइटखाली मान वर केली
आणि गिऱ्हाइकांदेखत
स्वतःची हनुवटी दाखवली.

मागच्या पार्सलमध्ये, सगळ्या पुड्यांच्या तळाशी,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला
चिमटा निघाला.
ओळखला मी. शिलाई मशीनच्या खणातला,
बॉबिनांच्या मागे असायचा.
हात लावला की ओरडा बसायचा.
दुपारी दार लावून आई उजेडाला बसायची खिडकीशी,
मला वाटायचं, काटा काढतेय.

फोन केला. बराच वेळ कुकरच बोलत होता.
मग म्हणाली,
तू नवव्या वर्षी झालीस.
तोवर काय काय पाजलं मला, विचारू नकोस.
कडू होतं हे आठवतं.
नाव कुणी सांगितलं नाही,
ना औषधाचं, ना दुखण्याचं.
मी आपली समजायचे, माझ्यातच खोट.

मी म्हटलं, आई, हे दहा जणींत एकीला असतं.
ती म्हणाली,
मग बाकीच्या होत्या कुठे?

आज माझी स्वतःची मेटफॉर्मिन घ्यायची होती.
आपल्याच दुकानात, रांगेत, कोट घालून.
काउंटरपलीकडे डेक्लन. नवा आहे, नियमाने चालतो.
आणखी काही घेता का?

नाही, हे ओठांवर आलं होतं.
बूटही बघून झाले होते.

लिही, म्हटलं.
शतावरी. अशोक. मेथ्या, दालचिनी चिमूटभर,
नाना दोन कप.
लोध्र. थांब, स्पेलिंग सांगते.
मागे रांग वाढली, कुणीतरी खाकरलं.
डेक्लन एकेक अक्षर काढत होता,
जीभ दातात धरून, पहिलीतल्या पोरासारखा.

गुण येतो का? त्याने हळूच विचारलं.
नियमात नसलेलं.

माहीत नाही रे, म्हटलं.
अठ्ठावन्नावा दिवस आहे.
सालीचं पाणी अजून
अर्धं व्हायचंय.