कोनमापक

माझ्याकडे एक कोनमापक आहे,
शाळेच्या कंपासपेटीतल्याचा थोरला भाऊ.
त्याने मी बोटं मोजते,
सोहारला, बंदराच्या रस्त्यावर,
टायरच्या दुकानावरच्या दवाखान्यात.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत असतं.

पोचय्या आला तेव्हा एकेचाळीस दिवस झाले होते.
ग्राइंडर सटकला होता, अनामिकेच्या मुळाशी.
कॅम्पातल्या प्रथमोपचारवाल्याने चार टाके घातले, सुबक.
कातडी शिवली.
खालच्या तुटक्या कंडरेला कुणी हाक मारली नाही.
मग पॅनाडॉल.
मग कंपनीचा शिक्का नव्हता.
मग शिक्का होता, गाडी नव्हती.
मग ईद.

"कंडरा म्हणजे पायजम्याची नाडी," मी मोडक्या हिंदीत सांगितलं,
"टोक सुटलं की आत आत सरकते.
लगेच धरली तर सापडते."
तो हसला. त्याच्या आईकडे पिन असायची म्हणाला,
बांगडीला अडकवलेली.
माझ्याही, मी म्हटलं.

डॉक्टरांनी पाहिलं. उशीर झाला म्हणाले.
तरी चार महिने
तांदळाच्या बादलीत त्याने मुठी वळल्या,
कपड्यांचे चिमटे दाबले, हात गरम मेणात बुडवला.
बोट वाकतं ते पंधरा अंश.
एक अडलं की शेजारची दोन्हीही अडतात,
हे पुस्तकात आहे. त्याला ते स्पॅनरने शिकवलं.
आता तो फाटकावर नोंदवही सांभाळतो, पगार निम्मा.
भाताचा घास मुठीत बसतो,
तोही थोडा गळतो.

मी फाईल बंद केली होती.

थंडीतल्या एका गुरुवारी रात्री शटर अर्धं ओढलेलं,
खालून दिसले दोघांचे पाय.
पोचय्या, आणि दंडाला धरून आणलेला
खिमलाल नावाचा पोरगा, हाताला टॉवेल.
"बाकीची बोटं मी दाबून धरली," पोचय्या म्हणाला,
"तुम्ही धरता तशी.
म्हटलं, शेंडा वाकव. नाही वाकला.
नाडी आत गेलीय, मॅडम. पिन काढा."

शिक्का?

"सकाळी आणतो. वही माझ्याकडेच आहे,
वेळ लिहून ठेवलीय. आठ वाजून पाच."

डॉक्टर बलूशींनी फोन दुसऱ्या घंटीला उचलला.
असं दर वेळी होत नाही.

काल खिमलालचं बोट मोजलं. सत्तर.
अजून वाढेल.
तो शेंडा वाकवतो, सरळ करतो, वाकवतो,
नवी शिट्टी मिळालेल्या पोरासारखा.

पोचय्या दारात उभा. माझंही घ्या म्हणाला.
घेतलं. पंधरा.
"लिहा," म्हणाला, "त्याच्या शेजारी लिहा.
साहेबाला दाखवायचंय."

मग जाता जाता,
"जुना एखादा असला तर द्या, फाटकावर ठेवतो."
दिला. आकडे पुसट झालेला.
त्याने तो खिशात सरकवला,
ते एक बोट
बाहेरच राहिलं.