किल्ली पावाच्या डब्यात असते

या, पण वाकून या. ही चौकट
तुमच्यापेक्षा जुन्या आणि बुटक्या माणसांनी बसवली.
मी हेस्टर ब्लँचर्ड. चर्चची किल्ली माझ्याकडे असते,
वीतभर लांब, पावाच्या डब्यात,
कारण इथे येणारा प्रत्येकजण आधी भुकेला असतो
आणि मग त्याला इतिहास आठवतो.

गाव थ्रेपहाइथ. म्हणजे भांडणाचा धक्का.
गावाला नाव पडलं नावेवरून:
अलीकडचे म्हणत नाव आमची, पलीकडचे म्हणत आमची.
शेवटी बिशपने निकाल दिला.
सोम ते बुध त्यांची, गुरू ते शनी आमची,
रविवारी देवाची.
म्हणून रविवारी दोनशे वर्षं कोणीच नदी ओलांडली नाही.
फक्त टोबायस रूक,
तोही पोहत. त्याची बायको माहेरी रुसून बसली होती.

चर्चच्या मनोऱ्याला टोक नाही.
लोकरीचे भाव पडले, पैसे संपले,
गवंड्यांनी हत्यारं पोत्यात भरली आणि गेले.
तेव्हापासून डोमकावळे म्हणतात, झालं, हेच पुरे.
बाहेरच्या यूच्या झाडाच्या पोटात
पाच मुलं मावतात.
सहावं नेहमी बाहेर उभं राहून रडतं.
मी सहावी होते.

गिरणी आता तुमची, म्हणे.
चाक माझ्या आजोबांच्या वेळीच काढलं,
पण पाणी अजून त्याच जागी अडखळतं,
पायरी काढून टाकलेल्या घरात
पाय अडखळावा तसं.
रात्री ऐकू आलं तर घाबरू नका.

हे स्मारक. नऊ नावं.
त्यातली तीन पिमलॉट, एका आईची.
खाली एवढी जागा कोरी का,
असं सगळेच विचारतात.
पाथरवट म्हणाला, हिशेब चुकला.
पण मिसेस पिमलॉट येता-जाता हात ठेवायची
तो कोऱ्या जागेवरच,
कोरलेल्यांवर नाही.
चौथा परत आला होता.
बंधाऱ्यावर बसून बामगर येणारी टोपली विणायचा,
विणून झाली की उसवायचा.

पूर कुठवर येतो?
कागदावर त्यांनी काय लिहून दिलंय ते राहू द्या.
चला माझ्या स्वयंपाकघरात.
ही दाराची कड बघा, पेन्सिलीच्या रेघा:
मी, चार वर्षांची. मी, पाच. माझी मुलगी डॉर्कस.
आणि या निळ्या खडूच्या, त्या नदीच्या.
नदीही दर काही वर्षांनी इथे येऊन
पाठ टेकून उभी राहते
आणि आम्ही मोजतो.
ही सत्तेचाळीसच्या मार्चची, माझ्या हनुवटीपर्यंत.
तेव्हाच्या नाही, आताच्या.
तिच्या खाली हा विल्फ, माझा भाऊ, तीन फूट आठ.
त्यानंतर विल्फची रेघ नाही.

तुमचा चेहरा पडला. सगळ्यांचाच पडतो.
बुडाला नाही हो.
आईने त्याला मावशीकडे पाठवलं, लीड्सला,
घर सुकेपर्यंत.
घर काही नीट सुकलं नाही,
आणि तो तिकडेच उंच झाला.
नाताळला फोन करतो. विचारतो, नदी कशी आहे?
मी कशी आहे, ते नंतर.

धक्क्यावरची घंटा पाहिलीत?
पूल झाला, नाव मोडून तिचं
कोंबड्यांचं खुराडं केलं, घंटा राहिली.
वाजवून बघा. पलीकडून कोणी येणार नाही,
पण गॅरॉडचा कुत्रा भुंकेल,
मग गॅरॉड कुत्र्यावर ओरडेल,
आणि मी चूल बारीक करीन,
की ठीक आहे, तोही अजून आहे.
पंधरा वर्षं आम्ही बोललो नाही. कुंपणावरून.
गावाचं नाव सांगितलं ना मघाशी.

पाहून झालं की किल्ली डब्यात ठेवा.
झाकण घट्ट लावा, उंदीर आहेत.
आणि पाव घ्या. घ्या हो.
गिरणीत राहणाऱ्यांनी
उपाशी जाऊ नये.