पान एकशे बारा

मंगळवारी देवळात कुणी येत नाही.
(आम्ही जुनी माणसं चर्चला अजून देऊळच म्हणतो.)
मी, सॉलोमन आवळे, मंडळीचा चिटणीस,
प्रभुभोजनाचे पेले मोजत होतो.
चाळिसांतले सदतीस. तीन कुठं गेले कुणास ठाऊक.
तेवढ्यात तो आला, चप्पल दारात काढून,
आणि मागच्या बाकावर टेकला
जिथं त्याचा आजा बसायचा, बाप बसायचा.
तिथंच बसा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.
पुढं या, असंही कुणी म्हटलं नव्हतं.

"काका, दक्षता पथक येणाराय.
माझ्या जातपडताळणीचं."

शाळेच्या दाखल्यावर अमोल.
महावितरणच्या ओळखपत्रावर अमोल.
आमच्या रजिस्टरात, पान एकशे बारा, आमोस.
मीच लिहिलंय, निळ्या शाईनं.
पाळकांनी पाणी शिंपडलं तेव्हा असं बोंबललं होतं पोरगं
की सगळी मंडळी हसली होती.

"पुसा, असं नाही म्हणत मी," तो म्हणाला.
"मग काय म्हणतोस?"
तो गप्प.
वरचा पंखा तेवढा कुरकुरत राहिला.

त्या रात्री मला माझी धाकटी बहीण आठवली, रूथ.
या पोराच्याच चुलत्याचं स्थळ आलं होतं तिला.
चांगला मुलगा. नाताळात ऑर्गन वाजवायचा.
मी आईजवळ म्हणालो होतो, हळूच, चुलीपाशी:
ते आपल्यातले नव्हेत.
आपल्यातले!
आमचे आजे एकाच पाण्यानं भिजले
त्याला शंभर वर्षं होत आली,
हा एवढा शब्द मात्र कोरडाच राहिला.

गुरुवारी दोघं आले. सभ्य माणसं.
"रजिस्टर दाखवता?"

आता रजिस्टरची गोष्ट अशी
की ज्या साली पंचगंगेची मच्छिंद्री झाली
आणि दोन दिवसांनी मच्छिंद्रीही दिसेना,
नदी आमच्या कपाटाच्या खालच्या खणात शिरली होती.
मी ते गच्चीवर वाळत घातलं, मिरच्यांसारखं.
एकशे नऊ ते एकशे चौदा
सहा पानांची एक भाकरी झाली.
अजून गाळाचा वास येतो.

"उघडत नाहीत?"
"फाटतील, साहेब."

हे खरं होतं.
आणि हेही खरं, की बाकीची पानं
मी चहाच्या वाफेवर धरून सोडवली होती,
एकेक, चाकूच्या बोथट बाजूनं.
हीसुद्धा सुटली असती.
ते मला कुणी विचारलं नाही.

धाकट्या साहेबानं विचारलं वेगळंच:
"बाप्तिस्मा झाला की जात जाते ना हो तुमच्यात?"
माझी नजर मागच्या बाकाकडं गेली.
म्हणालो, "चहा घ्या, गार होतोय."

खोटं बोललो का?
गुडघे टेकून विचारलं तर उत्तर आलं नाही,
शाहूपुरीकडून गुळाचा वास तेवढा आला.
ज्या संदेष्ट्याचं नाव त्या पोराला ठेवलं
तो न्यायाबद्दल बोलताना पाण्याचंच बोलला होता म्हणे.
आमच्याकडं पाणी आलं ते असं आलं,
खालच्या खणातून,
अर्धं बुडवून, अर्धं झाकून.

रविवारी पोरगं आलं नाही.
त्याची आई आली, दमयंतीबाई.
डोक्यावर पदर, मागचा बाक.
मी सदतीस पेले भरले, ताट पाळकांच्या हाती दिलं,
आणि पंचांच्या खुर्चीकडं जायचं सोडून
मागं गेलो,
तिच्या शेजारी बसलो.

ती घाईघाईनं उठली,
पिशवी उचलून भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.
तिला वाटलं,
मला बाक हवाय.