निरगाठ

तुमचं पत्र मिळालं.
ओस्टरुडबाई म्हणाल्या, उत्तर देऊ नका, ते माझं काम.
म्हणून हे पाठवणार नाही.
पीठ फुगेपर्यंत वेळ आहे, एवढंच.

डुलूथमध्ये पहाटे चारला
सरोवरावरचा वारा आधी दार ढकलून बघतो,
मग मी किल्ली लावते.
नऊ वर्षं.

तुम्ही लिहिता, तीस दिवसांत पाटी उतरवा.
कारण : पीठ बाहेरून घेतलं.
घेतलं.
तुमचं यायचं जॉर्जियाच्या गोदामातून, दीडपट भावानं,
आणि जानेवारीत ट्रक चढावर रुतला तेव्हा
मी कोस्केलाच्या बेकरीतून दोन पोती उसनी आणली.
त्या दिवशी गिऱ्हाइकं म्हणाली,
आज प्रेट्झेल बरी लागतायत.

तुमच्या ब्रँट पेल्हमनं
कागदी रुमालावर आकडे लिहून दिले होते,
पहिल्या वर्षी इतके, तिसऱ्या वर्षी इतके.
रुमाल मी जपला. मोहरीच्या डागासकट.
वाटलं होतं, याला कोर्टात निशाणी म्हणून क्रमांक मिळेल.
बाई म्हणाल्या, या खोट्याची मुदत तीन वर्षं होती,
कधीच संपली. घरी न्या.
नेला.

मग त्यांनी करार उघडला.
एकसष्ट पानं, प्रत्येकाखाली माझी आद्याक्षरं,
शेवटी शेवटी आ आणि हा एकमेकांवर पडलेली.
अठ्ठेचाळिसाव्या पानावर : भांडण झालं तर आमच्या गावी या,
आमच्या कायद्यानं भांडा,
तुमच्या राज्यानं दिलेले सगळे हक्क सोडले, असं समजा.
मी म्हटलं, सही माझीच आहे.

त्या म्हणाल्या, ही सही तुम्हाला करता येतच नव्हती.
मिनेसोटाचा कायदा आहे :
हा हक्क कागदावर सोडला, तरी सुटत नाही.
काढून टाकायचं तर नव्वद दिवस आधी, कारणं लिहून,
आणि चूक सुधारायला त्यातले साठ.
तुम्ही तीस दिलेत.

मी हसले. वकिलाच्या खुर्चीत, मीटर चालू असताना.
घर गहाण टाकलं, नवऱ्याची बोट विकली,
पोरीच्या नाताळच्या सुट्ट्या भट्टीसमोर घालवल्या,
जे होतं ते देत गेले,
आणि एक गोष्ट अशी निघाली
जी मला देताच आली नव्हती.

तुमची गाठ होती सुरगाठ,
एका टोकाला ओढली की सुटणारी,
आणि ते टोक तुमच्या हातात.
आम्ही लहानपणी बोटींना निरगाठ मारायचो.
वादळानं ती अजून घट्ट व्हायची.

घाबरले नाही असं नाही.
रात्री दोनला उठून गल्ला मोजते,
मोजून तेवढाच निघतो.
कोस्केलाची दोन पोतीही फेडायची आहेत.

पीठ फुगलं.
तुमच्या पुस्तिकेत लिहिलंय :
प्रत्येक गाठ चौदा सेकंदांत.
मी अकरात घालते.
सोडवायला कोर्टाला किती लागतील,
बाईंनाही सांगता आलं नाही.

— आइला हाउक्काला