डावी कूस

बस. पाय स्टुलावर, हनुवटी छातीला,
खांदे सैल, नोल्फा, आणि पाठ माझ्याकडे फुगव.
रागावलेल्या मांजरासारखी, असं आम्हाला शिकवतात.
मी इथलीच. मी सांगते, टेकडीवरच्या लेंगासारखी वाक,
जन्मभर वाऱ्याला पाठ दिलेल्या झाडासारखी.

ती हसते. हसली की मणके हलतात.
थांबते मी. कळही येऊन जाऊ दे.
एर्सिरा सुईण तिला समोरून कवेत धरते.
खिडकीखाली पुंता अरेनासची माणसं
चौकात बांधलेला दोर धरून वाऱ्यातून रस्ता ओलांडतायत.

बोट दोन मणक्यांमधली फट शोधतं.
सुई. अंगठ्याखाली सलाइनचा दाब,
घट्ट, अजून घट्ट, आणि एकदम
काहीच नाही.
त्या काहीच-नाहीत मी नळी सरकवते.

वीस मिनिटांत कळा लांब गेल्या,
शेजारच्या घरात कुणी कपाट सरकवावं तशा.
तिचा डोळा लागला. पाठीवर.
उजव्या कमरेखालची घडी कधी निसटली
कुणी पाहिलं नाही. मीही नाही.

"मळमळतंय."
एवढंच म्हणाली. ओठांचा रंग आधी गेला, आकडा मागून आला:
ब्याऐंशी, त्रेचाळीस.
बाळाच्या ठोक्यांची रेघ उतरणीला लागली.

एलेओदोरो, तिचा नवरा, मेंढ्या कातरणारा,
इतका वेळ टोपी कुठे ठेवावी हे न सुचलेला,
पुढे आला. "उताणी पडलीय!
गाभण मेंढी अशी पडली की
स्वतःच्याच पोटाखाली मरते. कुशीवर घ्या."
माझा हात तोवर तिच्या कमरेखाली होताच,
त्याचाही आला,
कातडीला धार लागू नये इतका हलका.
डावीकडे.

सलाइन पूर्ण सोडलं. एफेड्रिन, थोडंसं.
मग पाहत राहायचं.
दंडावरचा पट्टा फुगतो, विचार करतो, सुटतो.
नव्वद.
पुन्हा फुगतो.
एकशे सहा. रेघ चढली.

डोळे मिटलेलेच ठेवून नोल्फा म्हणाली,
"मेंढी म्हणाला मला हा."

कागदावर लिहिलं: चार दहा, डावी कूस.
कुणी सांगितलं, याला रकाना नाही.
कूस उजवते म्हणतात;
त्याआधी ती डावी करावी लागते, हे कुणी म्हणत नाही.

पडलेली घडी धुवायला गेली.
त्यानं आपला कोट पुढे केला, लोकरीचा वास मारणारा.
नियमात बसत नाही.
स्वच्छ चादरीत गुंडाळला,
तिच्या पाठीशी नीट बसला.