गाभा

पेटीत पाच खण. एका खणात एक मीटर दगड.
कडेला मी मार्करने लिहितो:
भोक सात, इथपासून इथपर्यंत.
खानापूरच्या शाळेत गुरुजी ज्या अक्षरासाठी पाठ थोपटायचे
त्याला आता दिवसाचे साडेचारशे मिळतात.

दगड मनगटासारखा गोल,
ओला असतो तेव्हा करवंदी, सुकला की राख.
साहेब बागलकोटकडचे, तोंडाने गोड.
म्हणाले, नोडप्पा, डोंगर कोण नेतंय?
आम्ही मूठभर बघतो फक्त.

मूठभर.
हा शब्द आमच्याकडे कागदावर आहे.
सगुणामावशीच्या आढ्याला पत्र्याची नळी,
नळीत देसायांच्या वेळची सनद, मोडीतली.
मोडी वाचणारा एक म्हातारा नंदगडला होता, तोही गेला.
पण पाठ साऱ्यांना आहे:
सातेरीच्या कोंडातलं, कोंडाच्या काठावरलं
वाडीने हाताने धरावं, हाताने खुडावं,
मुठीत मावेल ते न्यावं,
वैशाखात देवीची राखण पाळावी.
त्या महिन्यात कोंडात कुणी पायसुद्धा धूत नाही.
फॉरेस्टवाल्यांनी नळी दोनदा उघडून पाहिली,
दोनदा चहा पिऊन परत दिली.

पंचायतीच्या दारावरची नोटीस कन्नडात, खाली इंग्रजी.
मीच वाडीला मराठीत सांगितली: खनिजाचा शोध.
शोध? मावशी म्हणाली,
कुणाचं काय हरवलंय?

कुणी हसलं नाही. मी हसलो थोडा.
दुसऱ्या दिवसापासून कामावर जायचं होतं.

मार्गशीर्षात वहाळ निवळतो. बाया खोईन घेऊन उतरतात,
दगडाखाली बोटं घालतात, न बघता:
हा खुबा, ही कुर्ली, ही अंड्यांची, सोड तिला.
त्यांच्या बोटांना कोंडाचा तळ जेवढा ठाऊक
तेवढा साहेबांच्या नकाशाला नाही.
नकाशावर कोंड म्हणजे निळा ठिपका,
पुढे इंग्रजीत: पाण्याची सोय.

एकेचाळीस मीटरला पाणी परत यायचं थांबलं.
यंत्र पीत होतं, ओकत नव्हतं.
दुरैसामीने रॉडला कान लावला, मान हलवली.
टँकर संपला. पाइप कोंडात सोडला.
रात्रभर.

सकाळी कोंड तांदळाच्या धुवणासारखा.
कुर्ल्या उन्हात खडकावर आलेल्या, पाठीवर पांढरा लेप.
भोकाभोवती गाळ साचून वारूळ झालेलं,
आणि वारूळ म्हणजे आमची देवी.
नमस्कार करावा की नाही, मला कळेना.

मावशी आली. ओरडली नाही.
खोईन खाली ठेवली, पेट्या बघत चालली
जशी बाजारात मडकी बघतात, वाजवून.
एका खणापाशी थांबली. तिथे दगड नव्हता, लाकडाचा ठोकळा होता.
हे रिकामं का रे?

म्हटलं, इथला दगड वर आलाच नाही.
आत पोकळ असेल, नाहीतर झिजून पाण्यात गेला.
याला म्हणतात, गाभा हरवला.

म्हणजे नोटिशीत लिवलेलं ते हेच, ती म्हणाली.

मग खोईनीतून एक कुर्ली काढली,
मुठीत मावणारी,
आणि ठोकळा उचलून त्या जागी ठेवली.
लिही, म्हणाली. तुझं अक्षर बरं आहे.

मी टोपण काढलं.
एकेचाळीस वीस ते एकेचाळीस साठ.
पुढे काय लिहायचं?
चढावर साहेबांची जीप वळत होती.
कुर्लीने दोनदा नांगी उघडली, मिटली,
खणाची कड ओलांडली
आणि वहाळाकडे नाही,
यंत्राकडे चालत गेली, तिरपी.

मार्करची शाई उघड्यावर लवकर सुकते.
त्या दिवसाची हजेरी मी घेतली, खोटं कशाला सांगू.
पण त्या खणावर अजून आकडेच आहेत.
अहवालात बेळगावला काय लिहून गेलं
ते मला माहीत नाही.